स्केल फॅक्टर कसा काढायचा: नोटा, फ्लेक्स, रांगोळी आणि दहावीचा पहिला धडा

दहावीच्या गणित भाग २ चा पहिलाच धडा समरूपता, आणि वर्ष सुरू होतंय न होतंय तोच बऱ्याच पोरांची गाडी तिथे अडते. खरं तर करायचं काय असतं, एक भागाकार. एका आकृतीची बाजू घ्यायची, दुसऱ्या आकृतीतली तिच्या जोडीची बाजू घ्यायची, भागायचं, येईल तो आकडा म्हणजे स्केल फॅक्टर. भागाकार सगळ्यांना येतो, नाही आला तर फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग अडतं कुठे? तर कुठली बाजू कुठल्या बाजूने भागायची इथे. जोडी चुकते नाहीतर उलटी लागते, आणि मग पुढचं सगळं गणित नीट करूनही उत्तर भलतंच येतं.

म्हणून इथे भागाकारापेक्षा जोडीवर जास्त बोलणार आहे. दहावीच्या पोरांना उपयोगी पडेलच, पण पोराला शिकवायला बसलेल्या आईबाबांना, आणि रांगोळी, बॅनर, घराचा प्लॅन असल्या कामात "हे एवढं मोठं करायचंय, किती पट?" हा प्रश्न पडणाऱ्या कुणालाही. एक पट्टी, कोरा कागद, पेन्सिल आणि खिशातल्या दोन नोटा घेऊन बसा.

पहिली पायरी: आकृत्या समरूप आहेत का ते आधी बघा

ही पायरी सगळे गाळतात. समरूप म्हणजे आकार तोच, माप वेगळं. कोन जसेच्या तसे, आणि सगळ्या बाजू एकाच पटीने मोठ्या किंवा लहान झालेल्या. एकाच पटीने, हे महत्त्वाचं. लांबी एका पटीने वाढली आणि रुंदी दुसऱ्याच पटीने, तर स्केल फॅक्टर नावाची गोष्टच तिथे नसते, मग काढणार काय?

नोटा काढा. आपल्या नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे, १९२८ पासून, म्हणजे हे उदाहरण घरचंच. नवीन १०० ची नोट १४२ मिलीमीटर लांब आणि ६६ मिलीमीटर रुंद. ५०० ची १५० लांब आणि रुंदी तीच ६६. आता भागा. लांबीचं गुणोत्तर १५० ÷ १४२, म्हणजे साधारण १.०६. रुंदीचं ६६ ÷ ६६, म्हणजे बरोबर १. दोन आकडे वेगळे आले, विषय संपला, या दोन नोटा समरूप नाहीत. दोन्ही आयत आहेत, चारही कोन ९० चे आहेत, बघायला सारख्याच वाटतात, तरी नाहीत. २०० ची नोट १४६ बाय ६६, ती पण त्याच रांगेतली, फक्त लांबी बदलत जाते (या लांबीतल्या फरकाचा अंध माणसांना नोट चाचपून ओळखायला उपयोग होतो).

यातून लक्षात ठेवायचं ते एवढंच, की त्रिकोण सोडून बाकी आकृत्यांत नुसते कोन सारखे असून भागत नाही. त्रिकोणाला मात्र सूट आहे, दोन कोन जुळले की तिसरा आपोआप जुळतो आणि त्रिकोण समरूप होतात, यालाच पुस्तकात कोको कसोटी म्हणतात. कुठलीही दोन वर्तुळं, कुठलेही दोन चौरस, कुठलेही दोन समभुज त्रिकोण कायम समरूप, तिथे तपासत बसू नका.

दुसरी पायरी: जोड्या लावा

इथे जरा थांबू, कारण मार्क इथेच जातात.

समजा एक त्रिकोण आहे, बाजू ४, ६ आणि ७. शेजारी दुसरा काढलाय, पण थोडा फिरवून, आणि त्याच्या बाजू डावीकडून वाचत गेलं तर ९, ६ आणि १०.५ आहेत. दोन्ही समरूप आहेत असं प्रश्नातच दिलंय. आता दोन्हीकडे ६ आहे ना, मग डोळा आपोआप ६ ला ६ शी जोडतो आणि म्हणतो स्केल फॅक्टर १. झालं, फसलात. पेपर काढणारा ती ६ तिथे मुद्दाम ठेवतो हो.

काय करायचं, दोन्ही त्रिकोणांच्या बाजू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहायच्या. वर ४, ६, ७. खाली ६, ९, १०.५. आता वरच्याखाली बघा: ४ ची जोडी ६, ६ ची जोडी ९, ७ ची जोडी १०.५. भागून बघा, ६ ÷ ४ = १.५, ९ ÷ ६ = १.५, १०.५ ÷ ७ = १.५. तिन्ही सारखे. स्केल फॅक्टर १.५. त्रिकोण कितीही फिरवलेला असो, आरशात बघितल्यासारखा उलटा असो, ही युक्ती चालते, कारण सगळ्यात लहान बाजू सगळ्यात लहान कोनासमोरच असते आणि कोन तर दोन्हीकडे तेच आहेत.

पण ही युक्ती चौकोनाला लावायला जाऊ नका. ३, ३, ५, ५ अशा बाजूंचा पतंगाच्या आकाराचा चौकोन होतो आणि याच बाजूंचा आयतही होतो. लहान ते मोठं लावून भागलं तर सगळीकडे १ येईल आणि तुम्ही म्हणाल एकरूप आहेत, आणि आकृती बघितली तर एक पतंग आणि एक पाटी. चौकोन, पंचकोन वगैरे असेल तर एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत जायचं आणि कोन जुळताहेत का बघत बाजूंच्या जोड्या लावायच्या.

बाजूंची मापं नसतील आणि नुसती नावं दिली असतील तर अजून सोपं आहे. △कखग ~ △चछज (~ ही समरूपतेची खूण) असं लिहिलंय म्हणजे क ची जोडी च, ख ची छ, ग ची ज. मग कख ची जोडी चछ, खग ची छज, कग ची चज. आकृतीकडे बघूच नका, नावांच्या क्रमाकडे बघा. हा क्रम शोभेला नसतो, म्हणूनच स्वतः उत्तर लिहितानाही त्रिकोणाची अक्षरं कशीही लिहून चालत नाही. तरी आकृतीत गोंधळ वाटला तर ट्रेसिंग पेपरवर (घरात बटर पेपर असतोच) छोटी आकृती उतरवून घ्या आणि तो कागद मोठ्या आकृतीवर फिरवत, गरज पडली तर पालथा करत, दोन्ही एका दिशेला तोंड करून येतात का बघा. अशी एकदा फिरवून बघितली की नंतर नुसत्या नजरेने जमायला लागतं.

तिसरी पायरी: कुणाला कुणाने भागायचं

नवीन भागिले जुनं. म्हणजे जिच्याकडे जायचंय ती वर, जिच्यापासून निघालो ती खाली. छोट्याचं मोठं करताय तर उत्तर १ पेक्षा जास्त यायला हवं, मोठ्याचं छोटं करताय तर १ पेक्षा कमी. वरच्याच उदाहरणात ४-६-७ वरून दुसऱ्याकडे गेलो तर १.५, उलटं आलो तर ४ ÷ ६ म्हणजे २/३. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न कुठून कुठे विचारलाय त्यावर ठरतं. आणि हा २/३ आहे ना तो २/३ च राहू द्या, ०.६६ करून पुढे गुणत बसलात तर शेवटी ८ च्या जागी ७.९२ येतं.

एकक सारखी करून घ्या हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण एक माप सेंटीमीटरमध्ये आणि दुसरं मीटरमध्ये असेल आणि तसंच भागलं तर घराचा प्लॅन घरापेक्षा मोठा निघतो.

चौथी पायरी: दुसऱ्या जोडीने तपासा

एका जोडीवरून स्केल फॅक्टर निघतो, पण तो खरा आहे का हे दुसरी जोडी सांगते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते न केल्याने काय होतं ते बघायचं असेल तर कुठल्याही चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा.

कार्यकर्ता ६ इंच बाय ४ इंचाचा आडवा फोटो देतो आणि म्हणतो १० बाय ८ फुटाचा फ्लेक्स पाहिजे, संध्याकाळपर्यंत. फ्लेक्सवाला फोटोचे कोपरे ओढून चौकट भरून टाकतो. आता आडवं माप बघा, १० फूट म्हणजे १२० इंच, भागिले ६, आले २०. उभं माप, ८ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले ४, आले २४. एकीकडे २० पट, दुसरीकडे २४ पट, म्हणजे भावी नगरसेवकांचा चेहरा जेवढा रुंद झाला त्याच्या सव्वापट, नक्की सांगायचं तर १.२ पट, उंच ओढला गेला. मग गालफडं बसलेली दिसतात आणि भाऊ आजारी होते का अशी विचारपूस सुरू होते.

बरोबर कसं करायचं? एकच आकडा ठरवायचा. दोन्हीकडे २० पट केलं तर फोटो १२० इंच बाय ८० इंच होतो, उभ्यात १६ इंच मोकळे राहतात, तिथे शुभेच्छुकांची नावं टाका, तशीही यादी लांबच असते. नाहीतर दोन्हीकडे २४ पट करा, मग रुंदी १४४ इंच म्हणजे १२ फूट होते, बाजूचे दोन फूट कापायचे, त्यात कुणाचा खांदा गेला तर ते ज्याचं त्याने बघावं.

आता वापरायचा कसा

स्केल फॅक्टर मिळाला की न दिलेली बाजू काढणं म्हणजे नुसता गुणाकार. जुनी बाजू गुणिले स्केल फॅक्टर म्हणजे नवी बाजू, आणि उलट यायचं असेल तर भागायचं. परिमिती पण तेवढ्याच पटीने वाढते. उंची, मध्यगा, कर्ण, वर्तुळाची त्रिज्या, जे काही पट्टीने किंवा दोरीने मोजता येतं ते सगळं तेवढ्याच पटीने.

कोन मात्र बदलत नाहीत. हे मुद्दाम लिहितोय कारण जोशात येऊन ४० अंशाला पण १.५ ने गुणून ६० करणारी पोरं दर वर्षी भेटतात, आणि तिन्ही कोन असे वाढवले तर बेरीज २७० होते याकडे त्यांचं लक्षच नसतं.

त्रिकोणातला त्रिकोण, इथे सांभाळून

बोर्डाचा आवडता प्रश्न. मोठा त्रिकोण कखग, त्यात पायाला म्हणजे खग ला समांतर एक रेघ पफ मारलीय, प हा कख वर आणि फ हा कग वर. कप = ४, पख = २, पफ = ५, तर खग किती?

दहातली निम्मी पोरं ४ ÷ २ = २ करतात आणि खग = १० लिहून मोकळी होतात. चूक. ४ आणि २ हे एकाच बाजूचे दोन तुकडे आहेत, आणि २ चा तुकडा कुठल्याच त्रिकोणाची पूर्ण बाजू नाही, तो खाली उरलेल्या समलंब चौकोनाची बाजू आहे. समरूप कोण आहेत? छोटा कपफ आणि मोठा कखग. छोट्याची बाजू कप = ४. मोठ्याची बाजू कख, म्हणजे ४ + २ = ६. स्केल फॅक्टर ६ ÷ ४ = १.५, आणि खग = ५ × १.५ = ७.५.

मग ४ ÷ २ कधीच चालत नाही का, तर चालतं, पण फक्त दुसऱ्या बाजूचे तुकडे काढायला. कप ÷ पख = कफ ÷ फग, हे प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. तुकड्याला तुकडा जुळतो. पण समांतर रेघा मोजायच्या आल्या, पफ आणि खग, की पूर्ण बाजूला पूर्ण बाजू लागते. गोंधळ होत असेल तर दोन्ही त्रिकोण शेजारी शेजारी वेगळे काढा, एकात एक ठेवूच नका. दोन मिनिटं जास्त लागतात पण डोळ्यासमोर ६ लिहिलेलं दिसतं.

क्षेत्रफळ: इथे पट वर्गाने वाढते

बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट. बाजू तिप्पट तर क्षेत्रफळ नऊपट. स्केल फॅक्टरचा वर्ग करायचा.

हे जमिनीत लगेच पटतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ हा ३३ चा वर्ग, म्हणजे ३३ बाय ३३ फुटाचा चौरस तुकडा बरोबर एक गुंठा. आता बाजू दुप्पट करा, ६६ बाय ६६, झाले ४३५६ चौरस फूट, म्हणजे ४ गुंठे. कुणी म्हणालं की "आपला प्लॉट त्याच्या डबल आहे" तर विचारा, बाजूने की गुंठ्याने, भावात फरक पडतो.

उलटं पण येतं. दोन समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं १६ आणि ३६ दिली आणि बाजूंचं गुणोत्तर विचारलं तर वर्गमूळ काढायचं, ४ आणि ६, म्हणजे २ : ३. वरच्या त्रिकोणातल्या त्रिकोणात हेच झालंय बघा. छोट्याचं क्षेत्रफळ ८ असेल तर मोठ्याचं ८ × १.५ × १.५ = १८, आणि खालच्या समलंब चौकोनाचं १८ वजा ८, म्हणजे १०.

झेरॉक्सच्या दुकानात हा वर्ग रोज दिसतो. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलीमीटर, ए-३ म्हणजे २९७ बाय ४२०. भागून बघा, दोन्हीकडून साधारण १.४१४ येतं, म्हणजे हे दोन कागद समरूप आहेत, आणि १.४१४ चा वर्ग २, म्हणून ए-३ मध्ये बरोबर दोन ए-४ मावतात. मशीनवर १४१ टक्के दाबायचं ते यासाठी. "डबल करून द्या" म्हटल्यावर पोराने २०० टक्के दाबलं तर बाजू दुप्पट, कागद चौपट, आणि अर्धं चित्र बाहेर. परत ए-४ वर आणायला ७१ टक्के.

रांगोळीचं गणित

गुढीपाडव्याला गोदाकाठी पाडवा पटांगणावर महारांगोळी काढतात ती बघितली असेल. एवढी नाही, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठी रांगोळी काढायची असेल तर स्केल फॅक्टरशिवाय पर्याय नाही, आणि याच्याइतकं हाताने शिकवणारं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

कागदावर २४ सेंटीमीटर बाय १८ सेंटीमीटरचं डिझाइन काढा, त्याच्यावर १ सेंटीमीटरचे चौकोन आखा. जमिनीवर खडू लावलेली सुतळी ताणून ३० सेंटीमीटरचे, म्हणजे ढोबळ फुटाचे, चौकोन पाडा. स्केल फॅक्टर ३०. रांगोळी होणार २४ × ३० = ७२० सेंटीमीटर लांब आणि १८ × ३० = ५४० रुंद, म्हणजे ७.२ मीटर बाय ५.४ मीटर. आधी पार्किंग मोजा, गाड्या काढायला लावण्याआधी. मग एकेका चौकोनात कागदावरची रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते तेवढंच बघायचं, निम्म्यावर शिरत असेल तर जमिनीवर पण निम्म्यावर, पाव भागावर असेल तर पाव भागावर.

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, कागदावरची चूक पण ३० पट होते. कागदावर २ मिलीमीटर हात हलला की जमिनीवर मोराची मान ६ सेंटीमीटर सरकते. पेन्सिलची १ मिलीमीटरची रेघ जमिनीवर ३ सेंटीमीटरचा पट्टा होतो, तेव्हा कागदावर टोकदार पेन्सिलच घ्या. दोन, रंग. क्षेत्रफळ ३० चा वर्ग म्हणजे ९०० पट होतं, त्यामुळे अंदाजे आणलेला रंग संपतो आणि ऐनवेळी मेन रोडला पळावं लागतं. सोपा उपाय असा, की जमिनीवरचा एक चौकोन पूर्ण भरून बघायचा, लागलेली रांगोळी वजन करायची आणि २४ × १८ = ४३२ ने गुणायचं. समजा एका चौकोनाला ६० ग्रॅम लागली तर एकूण २५,९२० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २६ किलो. रंगवार पाहिजे असेल तर कागदावर त्या रंगाचे चौकोन मोजा.

घनफळ थोडक्यात

भांडीबाजारात एकाच घडणीचे दोन तांब्याचे हंडे बघा, एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद. पाणी किती जास्त मावेल? २ × २ × २ = ८ पट. पत्रा दोन्हीला सारख्याच जाडीचा असेल तर तांबं मात्र ४ पटच लागतं, कारण पत्रा हे क्षेत्रफळाचं काम आहे आणि पाणी हे घनफळाचं. लांबीला एकदा, क्षेत्रफळाला दोनदा, घनफळाला तीनदा गुणायचं, एवढंच.

नकाशा आणि प्लॅन

प्लॅनवर १:१०० लिहिलेलं असतं तो स्केल फॅक्टरच. कागदावर १ तर जागेवर १००. वरचा गुंठ्याचा चौरस, ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर, प्लॅनवर १०.०६ सेंटीमीटरचा दिसेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीच्या सविस्तर नकाशावर, १:५०,००० असतं, म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर जमिनीवर १ किलोमीटर. मग ४ चौरस सेंटीमीटर म्हणजे १ चौरस किलोमीटर, वर्ग विसरू नका. धरणाच्या पाण्याचा पसारा, शिवाराचा अंदाज असलं काही नकाशावरून काढताना हमखास २ नेच भागून मोकळे होतात लोक.

आणि एक, नकाशाची किंवा प्लॅनची झेरॉक्स मोठी किंवा छोटी करून घेतली तर त्यावर छापलेला १:५०,००० हा आकडा खोटा होतो. १४१ टक्क्यांवर काढली तर तो साधारण १:३५,५०० होतो, पण छापलेलं तेच राहतं. पीडीएफ प्रिंट करताना "फिट टू पेज" चालू राहिलं तरी हेच होतं. म्हणून आकड्यापेक्षा खाली जी पट्ट्यांची स्केल काढलेली असते तिच्यावर पट्टी लावा, ती कागदाबरोबरच मोठी-छोटी होते.

सावलीवरून उंची

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायचीय, वर चढायचं नाहीये. दीड मीटरची काठी सरळ उभी करा, ओळंबा लावून बघा हवं तर, आणि तिची सावली मोजा. समजा १ मीटर आली. त्याच वेळेला, चहा पिऊन आल्यावर नाही, टाकीची सावली मोजा, समजा ९ मीटर. उन्हाची तिरीप दोन्हीकडे त्याच कोनात येते, काठी आणि टाकी दोन्ही जमिनीला काटकोनात, दोन कोन जुळले, कोको कसोटीने त्रिकोण समरूप. स्केल फॅक्टर ९ ÷ १ = ९, उंची १.५ × ९ = १३.५ मीटर. ग्रीक गणिती थेल्सने पिरॅमिडची उंची अशीच काढली अशी गोष्ट सांगतात. टाकी रुंद असेल तर सावली बाहेरच्या खांबापासून नाही, मधल्या बिंदूपासून मोजायची, आणि जमीन सपाट पाहिजे.

सकाळी नऊ-साडेनऊ किंवा दुपारी चारनंतर बरं पडतं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी हा प्रयोग करायला गेलात तर शून्याने भागायची वेळ येईल. जुलैच्या २३ तारखेच्या आसपास पण तसंच, पण तेव्हा ढगांमुळे बहुतेक ऊनच नसतं.

हे करून बघा

एक: दोन समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं २५ आणि ६४ चौरस सेंटीमीटर, छोट्याची एक बाजू ७.५ सेंटीमीटर, मोठ्याची संगत, म्हणजे तिच्या जोडीची, बाजू किती? दोन: ४ बाय ६ इंचाचा फोटो न कापता, न ताणता मोठा केला तर ८ बाय १० ची फ्रेम पूर्ण भरेल का, आणि १२ बाय १८ ची? तीन: १० ची नोट १२३ बाय ६३ आणि २० ची १२९ बाय ६३ मिलीमीटर, स्केल फॅक्टर काढा.

पहिल्याचं उत्तर १२ सेंटीमीटर, कारण वर्गमुळं ५ आणि ८, आणि ७.५ × ८ ÷ ५. दुसऱ्यात ८ बाय १० ला नाही, एकीकडून २ येतं आणि दुसरीकडून १.६७, १२ बाय १८ ला दोन्हीकडून ३ येतं म्हणून आरामात. तिसऱ्याचं उत्तर ज्याने आकड्यात काढलं असेल त्याने पहिली पायरी परत वाचा.